रुग्णाकडून बोधाची वसुली

वास्तवदर्शी चित्रपटासाठी आमच्या भाषेने जो ‘अनुबोधपट’ हा शब्द पत्करला, त्यात आमच्या स्वभावाचा एक दोष नकळत उघडा पडला आहे, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत आले आहे. जे जसे आहे ते तसे दाखविणे हा ज्या कृतीचा मूळ उद्देश, तिच्या नावातच आम्ही ‘बोध’ बसवून ठेवला. कीर्तनाच्या पूर्वरंगापासून इसापनीतीच्या तात्पर्यापर्यंत प्रत्येक कथेच्या शेपटास काही तरी शिकवण बांधलेली असावी, अशी आमची अपेक्षा असते, आणि ती नसली तर कथा सांगणाऱ्याने आपले देणे बुडविले असे आम्हांस वाटते. कोल्ह्या-करकोच्याच्या गोष्टीपुरती ही सवय निरुपद्रवी आहे. परंतु समोरची गोष्ट म्हणजे एखाद्या जन्मरोगी मनुष्याचे सबंध आयुष्य असते, तेव्हा हीच सवय वसुलीचे रूप धारण करते. आधीच कंगाल झालेल्या देहाच्या दारी आम्ही उभे राहतो आणि आमचा बोध आधी टाक, म्हणून त्यास दटावू लागतो.

हा विषय आज सुचण्याचे निमित्त असे की, अमेरिकन दिग्दर्शक कर्बी डिक याने बॉब फ्लॅनगन या कलावंताच्या जीवनावर व मृत्यूवर केलेला ‘सिक’ हा चित्रपट नुकताच आम्ही काही स्नेह्यांच्या संगतीत पाहिला. चित्रपट नवा नव्हे. १९९७ साली तो प्रथम दाखविला गेला आणि त्याच वर्षी सनडान्स येथील महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक त्यास मिळाले. तो संपला तेव्हा आमच्यापैकी एक गृहस्थ खोलीत नव्हते. ते मध्येच उठून गेले होते, आणि असला ओंगळ प्रकार सुसंस्कृत मनुष्याने पाहू नये, असे त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हांस कळविले. दुसरे एक गृहस्थ अखेरपर्यंत बसले, त्यांनी डोळे पुसले आणि ते म्हणाले, ‘‘काय ही जिद्द! आपल्या मुलांना हा अवश्य दाखविला पाहिजे. अर्थात काही भाग वगळून.’’

पहिल्या गृहस्थांचा आम्हांस राग आला नाही. दुसऱ्यांचा आला. तो का आला, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

प्रथम वाचकांस फ्लॅनगनची ओळख करून दिली पाहिजे. त्याचा जन्म १९५२ च्या डिसेंबरातला. आयुष्य बहुतेक दक्षिण कॅलिफोर्नियात गेले. जन्मतःच त्यास सिस्टिक फायब्रोसिस हा विकार होता. हा रोग संसर्गाने होत नाही. आई आणि बाप या दोघांच्याही ठायी एकेक सदोष जनुक असले, तर ती दोघे स्वतः निरोगी दिसत असताही त्यांच्या प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक एवढा असतो. शरीरातील जे स्राव पातळ व निसरडे असावयाचे, ते या रोगात घट्ट आणि चिकट होतात. फुप्फुसांत कफ साचतो व त्यात जंतू कायमचे बिऱ्हाड करतात. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. घाम मात्र विलक्षण खारट येतो. डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषीने १९३८ साली या रोगाचे स्वतंत्र रूप प्रथम नीट वर्णिले. फ्लॅनगन जन्मला त्या काळी असे मूल शाळेचे तोंड पाहील, अशी आशादेखील वैद्य फारशी देत नसत. त्याच्या दोन बहिणी याच रोगाने गेल्या. एक तान्हेपणी, दुसरी ऐन तारुण्यात. तो स्वतः मात्र ४३ वर्षे जगला आणि १९९६ च्या जानेवारीच्या ४ तारखेस वारला.

या ४३ वर्षांत त्याने कविता लिहिल्या, लॉस अँजेलिसमधील ‘बियाँड बरोक’ या साहित्यकेंद्रात काव्याचे वर्ग चालविले, विनोदी नाटकमंडळीत काम केले, आणि या रोगाने ग्रासलेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरांत वर्षानुवर्षे गिटार घेऊन तो गात राहिला. परंतु त्याची कीर्ती म्हणा, दुष्कीर्ती म्हणा, झाली ती निराळ्याच कारणाने. तो ज्यास पाश्चात्त्य लोक ‘परफॉर्मन्स आर्ट’ म्हणतात त्या पंथाचा कलावंत होता. चित्रकारास जसा फलक, तसा या पंथाच्या कलावंतास स्वतःचा देह. आणि फ्लॅनगनचा देह दुखण्यात सुख मानणारा होता. आपली सहचरी शेरी रोज हिच्या हाती त्याने आपल्या देहाची सत्ता रीतसर करारपत्र लिहून सोपविली होती, आणि तिच्या हातून अथवा स्वतःच्या हाताने पीडा करून घेणे हा त्याच्या खाजगी जीवनाचा भाग त्याने लोकांसमोर मांडला. चित्रपटात एक प्रसंग असा आहे की, त्याचे वर्णन या पृष्ठांवर करणे आम्हांस उचित वाटत नाही. हातोडी, खिळा आणि स्वतःचे शरीर, एवढ्यावरून वाचकांनी काय ते समजून घ्यावे. आमचे पहिले स्नेही उठून गेले ते याच ठिकाणी.

त्यांच्या आक्षेपास उत्तर देणे प्राप्त आहे. हा चित्रपट मुलांसाठी नाही, आणि ज्यास रक्त पाहवत नाही त्याच्यासाठीही नाही, हे आम्ही प्रारंभीच मान्य करून टाकतो. उठून जाण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकास आहे. परंतु ‘सुसंस्कृत मनुष्याने पाहू नये’ हे विधान निराळे आहे. अंगावर आसूड ओढून घेणारा पोतराज आमच्या आळीतून जातो, तेव्हा आम्ही त्याच्या हातावर चार पैसे ठेवतो व दार लावून घेतो. त्याच्या पाठीवरचे वळ पाहून कोणाची संस्कृती विटाळल्याचे ऐकिवात नाही. परंपरेने आणि दारिद्र्याने एखाद्यास स्वतःवर आसूड उगारावयास लावले तर ती चालीरीत ठरते. तीच गोष्ट एक रोगी विचारपूर्वक, आपल्या मर्जीने करू लागला की मात्र ती विकृती होते. या दोहोंपैकी अधिक लाजिरवाणे कोणते, याचा विचार आमच्या स्नेह्यांनी स्वस्थ चित्ताने करावा.

शिवाय फ्लॅनगन हे सारे का करीत होता, याचे उत्तर त्याने लपवून ठेवलेले नाही. ज्याचे बालपण सुया, नळ्या आणि दवाखान्यातील खाटा यांतच गेले, ज्याच्या छातीवर कफ सुटावा म्हणून नित्य थापट्या मारल्या गेल्या, ज्याचे पोट व फुप्फुसे त्यास न विचारता रोज त्यास छळीत होती, त्याला दुःख नको म्हणण्याचा अधिकार कधी मिळालाच नाही. तेव्हा त्याने दुसरा अधिकार घेतला. दुःख कोणते, केव्हा, किती वेळ आणि कोणाच्या हातून, हे आपण ठरवावयाचे. आजारावर आजाराचाच उतारा, अशा अर्थाचे त्याचे एक आवडते वचन होते. हा उतारा आमच्या पचनी पडो न पडो, त्यातील तर्क शुद्ध आहे, आणि तो समजून घेण्यास मनुष्याने विकृत असावे लागत नाही. ज्याने कधी दुखरा दात जिभेने मुद्दाम दाबून पाहिला आहे, त्यास त्याचा प्रारंभ तरी कळण्यासारखा आहे.

आता दुसऱ्या, अधिक विद्वान आक्षेपाकडे वळू. १९९४ सालच्या उत्तरार्धात फ्लॅनगनचे ‘व्हिजिटिंग अवर्स’, म्हणजे ‘भेटीच्या वेळा’, हे प्रदर्शन न्यू यॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये भरले होते. त्याच हंगामात, त्याच शहरात, नर्तक बिल टी. जोन्स याची ‘स्टिल/हिअर’ ही नृत्यरचना रंगभूमीवर आली. जोन्स स्वतः एच. आय. व्ही. बाधित, असाध्य रोगांनी पीडलेल्या लोकांच्या सभा निरनिराळ्या शहरांत भरवून, त्यांचे बोलणे व त्यांच्या हालचाली यांतून त्याने ती रचना उभी केली होती. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या ख्यातनाम नृत्यसमीक्षक आर्लीन क्रोची यांनी त्या डिसेंबरात एक लेख लिहिला, आणि आपण ही रचना पाहिलेली नाही व तिचे परीक्षण करण्याचा आपला बेतही नाही, असे त्यात प्रारंभीच जाहीर केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जो कलावंत आपला अथवा इतरांचा रोग रंगमंचावर आणतो तो प्रेक्षकाकडून दयेची खंडणी घेतो. आणि ज्याची दया करावयाची त्याचे गुणदोष सांगता येत नसल्यामुळे समीक्षेचे दार बंद होते. या लेखावरून अमेरिकेत मोठे वादंग माजले.

न पाहिलेल्या कृतीवर अभिप्राय देण्याच्या या पद्धतीविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. आमच्याकडेही ती अपरिचित नाही. मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे तो दयेचा. दया ही समीक्षेची शत्रू आहे, हे क्रोचीबाईंचे म्हणणे आम्हांस शंभर टक्के मान्य आहे. आमचा प्रश्न एवढाच की, दया करावी असे त्यांस सांगितले कोणी? रोगी दिसला की दया केलीच पाहिजे, ही सक्ती प्रेक्षकाच्या मनात असते. ती रंगमंचावरून येतेच असे नाही. फ्लॅनगनची कला पाहा आणि खुशाल तिचे दोष काढा. आम्ही येथेच काढून दाखवितो. त्या प्रदर्शनात दवाखान्याची एक खोली मांडली होती. खोलीत खाट, खाटेवर फ्लॅनगन स्वतः, आणि मधूनमधून त्याच्या घोट्यांस दोर बांधून त्यास उलटा वर ओढून घेत. हा उलटे टांगण्याचा प्रकार, चित्रण पाहून आमचे जे मत झाले त्याप्रमाणे, नाटकी आहे. त्याने चकित होण्यापलीकडे काही घडत नाही. याउलट, लहान मुलांच्या अक्षरांच्या सुमारे १४०० ठोकळ्यांची जी भिंत तेथे रचली होती ती आम्हांस श्रेष्ठ प्रतीची कलाकृती वाटते. रोगाच्या नावाची आद्याक्षरे आणि त्याच्या पीडाप्रेमाची आद्याक्षरे, एवढीच अक्षरे त्या ठोकळ्यांवर पुनःपुन्हा येतात. मुळाक्षरे गिरविण्याच्या वयात या मुलास कोणती दोन अक्षरे शिकावी लागली, हे त्या भिंतीने एक शब्दही न उच्चारता सांगितले आहे. त्याच्या कोट्याही सर्वच उत्तम नाहीत. काही शाळकरी आहेत, काहींची पुनरुक्ती कंटाळा आणते. मात्र बॉब डिलनच्या चिरतारुण्याच्या प्रसिद्ध गीतातील ‘तारुण्य’ काढून तेथे ‘फुप्फुस’ घालून तो ते आजारी मुलांच्या शिबिरात गातो, आणि मुले खदखदा हसतात, तेव्हा त्या विनोदाची धार आम्हांस नाकारता येत नाही. आता आम्ही विचारतो, यात समीक्षेचे कोणते दार बंद झाले?

एवढे झाल्यावर आमच्या दुसऱ्या स्नेह्यांकडे यावयाचे. त्यांचे डोळे ओले होते हे आम्ही पाहिले आहे. त्यांच्या अंतःकरणाविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या ‘जिद्द’ या शब्दाविषयी.

दुर्धर रोगाने पीडित मनुष्याविषयी आमची वृत्तपत्रे जेव्हा लिहितात, तेव्हा त्यांच्यापाशी जणू एकच छापील मथळा तयार असतो. ‘मृत्यूशी झुंज’, आणि त्याखाली ‘सर्वांस प्रेरणा’. रोगी जगला तर त्याने मृत्यूवर मात केलेली असते. मेला तर झुंज अपयशी ठरलेली असते. म्हणजे मरण्यातही त्याच्या पदरी परीक्षेतले अपयशच पडावयाचे! आणि मधल्या काळात त्याने काय करावयाचे? हसतमुख राहावयाचे. आमच्या निरोगी आयुष्यास हुरूप यावा म्हणून त्याने धैर्याचा नमुना बनावयाचे. अमेरिकेत धर्मादाय निधी जमविण्यासाठी रोगी बालकांची गोड छायाचित्रे भिंतीभिंतींवर लावण्याची प्रथा पडली, तिच्या मुळाशीही हेच आहे. बालक गोड असले पाहिजे, हसरे असले पाहिजे, आणि आपण पैसे दिले म्हणजे ते बरे होईल असे आपणांस वाटले पाहिजे. ते बालक मोठे होऊन चिडखोर, कामुक, थट्टेखोर आणि मधूनमधून स्वार्थी असा एक पुरा मनुष्य झाले, तर त्याचे छायाचित्र कोणी लावीत नाही.

आमच्या घरांतील रीत पाहा. कोणी आजारी पडले की आपण त्याच्या ‘समाचारास’ जातो. भाषा मोठी चतुर असते. एखाद्यास चांगले फैलावर घेणे यासही आपण त्याचा ‘समाचार घेणे’च म्हणतो. मोसंब्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवून आपण खाटेशेजारच्या खुर्चीवर बसतो, आणि पहिल्या पाच मिनिटांत आपल्या ओळखीतील दुसरा कोणी याच दुखण्यातून कसा खडखडीत बरा झाला ते सांगतो. मग पथ्याचा उपदेश करतो. मग ‘मन खंबीर ठेवा, निम्मा आजार मनाचा असतो’ असे बजावतो. म्हणजे बरे न वाटण्याचा निम्मा दोष त्याच्याच माथी मारून येतो. रोग्यास त्या क्षणी काय वाटत असते? पाठीस कळ लागलेली असते, शौचास जावयाचे असते, आणि पाहुणे केव्हा उठतात याकडे त्याचे लक्ष असते. परंतु तो हसतो आणि ‘आता पुष्कळ बरे आहे’ म्हणतो. समाचारास गेलेला आपला धीर वाढवून परत येतो. तो धीर ज्याच्या पदरचा गेला तो भिंतीकडे तोंड करून पडतो.

फ्लॅनगनने हीच भेटीची खोली उचलून संग्रहालयात आणली. प्रवेशपत्रिका घेऊन लोक आले, खाटेशी थबकले, काही लाजले, काही बसून बोलू लागले. आणि तो पडल्या पडल्या त्यांच्याशी गप्पा मारीत राहिला. फरक एवढाच की, या खोलीची मांडणी रोग्याने केली होती, वेळा रोग्याने ठरविल्या होत्या, आणि पाहुण्यास अवघडल्यासारखे करण्याचा हक्कही त्याने आपल्या हाती ठेवला होता. पाहुण्यांस धीर देण्याचे काम मात्र त्याने पत्करले नव्हते.

चित्रपटातील एक प्रसंग आमच्या स्नेह्यांच्या ध्यानातून निसटला असावा. कॅनडातील एक किशोरवयीन मुलगी, हाच रोग असलेली, फ्लॅनगनला भेटावयास येते. असाध्य रोग असलेल्या मुलांची एखादी इच्छा पुरविणारी एक संस्था तिकडे आहे. कोणी मूल सिनेनटास भेटावयाचे म्हणते, कोणी समुद्र पाहावयाचा म्हणते. या मुलीने मागितले ते फ्लॅनगनला भेटणे. का? तिला धीर देणारी माणसे उदंड असतील. परंतु हा देह आपला वैरी आहे आणि तरी तो आपलाच आहे, ही गोष्ट मोठ्याने व हसत बोलणारा मनुष्य तिला दुसरा भेटला नसावा. ती त्याच्याकडे बोध घ्यावयास आलेली नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसते. सोबत मिळावी एवढ्यासाठी ती आली आहे.

आणि चित्रपटाचा अखेरचा भाग! ‘जिद्द’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी आमच्या स्नेह्यांनी तो पुन्हा पाहावा. १९९५ साल हे फ्लॅनगनचे शेवटचे पूर्ण वर्ष. त्या वर्षाची त्याने लिहिलेली रोजनिशी पुढे २००० साली ‘पेन जर्नल’ या नावाने प्रसिद्ध झाली, आणि कॅमेरा जे दाखवितो तेच तीतही आहे. नाकाशी प्राणवायूची नळी, चार पावले चालताच लागणारी धाप, आणि ज्या स्वेच्छेच्या पीडेवर त्याने आयुष्य उभारले होते ती आता सोसवत नाही, ही कबुली. रोगाने दिलेले दुःख एवढे वाढले की निवडलेल्या दुःखास देहात जागाच उरली नाही. ज्या उताऱ्यावर त्याची कीर्ती उभी होती तो उतारा निकामी झाला. शेवटी दवाखान्यात तो पडलेला आहे. गोंधळून गेला आहे. हे काय चालले आहे ते त्यास उमगत नाही. कोणतेही तेजस्वी अंतिम वाक्य तो बोलत नाही. मग तो जातो.

यात मात कोठे आहे? झुंज कोठे आहे? कलेने रोग जिंकला नाही. कलेने त्यास पुष्कळ वर्षे बोलते, हसते आणि स्वतःच्या मर्जीचे ठेवले, एवढे केले. आणि मग तिचेही बळ सरले. चित्रपट हे सर्व झाकून ठेवीत नाही, म्हणूनच तो मोठा आहे. आमचे दुसरे स्नेही जो ‘काही भाग’ वगळू पाहतात त्यात खिळ्याचा प्रसंग तर जाईलच. परंतु आमची खात्री आहे की, त्यांच्या कात्रीतून या पराभवाचा भागही वाचणार नाही. कारण जिद्दीच्या कथेस तो अधिकच अडचणीचा आहे.

शेरी रोजच्या चित्रणातही हीच सचोटी आहे. रोग्याच्या उशाशी बसणारी स्त्री म्हटली की आम्हांस सावित्री दिसू लागते. यमाशी वाद घालून पतीचे प्राण परत आणणारी सावित्री आम्ही वडास सूत गुंडाळून पुजतो, आणि त्याच मापाने घरोघरच्या शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांस मोजतो. शेरी यमाशी वाद घालीत नाही. ती फ्लॅनगनशीच वाद घालते. तो पूर्वीसारखा तिच्या आज्ञेत राहत नाही, म्हणून ती मरणाच्या उंबरठ्यावरील मनुष्याशी भांडते, तुझे माझ्यावर प्रेम असेल तर मान तुकव म्हणते, आणि तो थकून, चिडून, नाही म्हणतो. पाहणाऱ्यास प्रथम तिचा संताप येतो. थोड्या वेळाने कळते की, ती जे मागते आहे ते म्हणजे रोग बळावण्यापूर्वीचा तो. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या मनुष्याच्या मनात जो कडू, स्वार्थी, उच्चारता न येणारा आकांत असतो, तो पडद्यावर इतक्या उघडपणे आम्ही क्वचितच पाहिला आहे. ज्यांच्या घरी असे दुखणे काढले गेले आहे, त्यांनी आपल्या मनास विचारून पाहावे.

चित्रपट निर्दोष आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. मृत्यूनंतरच्या देहाची छायाचित्रे पडद्यावर यावीत की नाही, याविषयी आमचे मन अद्याप द्विधा आहे. जिवंतपणी दिलेली संमती मृताच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचते काय, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. फ्लॅनगनच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, आपल्या शवपेटिकेत कॅमेरा ठेवावा व देहाचे पुढे काय होते ते लोकांस पाहता यावे, असा एक बेत त्याने स्वतःच बोलून दाखविला होता. तो बेत तडीस गेला नाही. पण त्याची इच्छा कोणत्या दिशेस होती याविषयी संदेह उरत नाही. तरीही ती छायाचित्रे पाहताना आम्ही क्षणभर मान वळविली, हे वाचकांपासून लपवीत नाही.

एक गोष्ट आणखी. या रोगास कारण होणारे जनुक १९८९ साली सापडले, फ्लॅनगनच्या हयातीत. त्या शोधाची फळे मात्र त्याच्या मृत्यूनंतर आली. २०१२ साली काही थोड्या रोग्यांस लागू पडणारे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले, आणि २०१९ साली तीन द्रव्यांचे असे एक औषध आले की, त्याने तिकडील बहुसंख्य रोग्यांचे आयुष्यच पालटून टाकले. त्या औषधाची छापील किंमत वर्षास ३ लाख डॉलरांहून अधिक होती. हा रोग गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तो नाहीच, असे आपल्या देशात पुष्कळ काळ मानले जाई. आता तो येथील बालकांतही आढळतो, आणि कित्येकांचा ओळखूच येत नाही, हे वैद्य जाणतात. अशा मुलाच्या आईबापांस औषध हवे आहे, निदान वेळेवर व्हावयास हवे आहे. त्यांच्या मुलाने आमच्यासाठी धैर्याचा आदर्श व्हावे, ही त्यांची गरज नाही. ती आमची आहे. आणि औषधाचा खर्च उचलण्यापेक्षा प्रेरणा घेणे पुष्कळ स्वस्त पडते.

म्हणून आमच्या दुसऱ्या स्नेह्यांस आमचे उत्तर असे आहे. हा चित्रपट त्यांनी आपल्या मुलांस आज दाखवू नये. मुले लहान आहेत. ती मोठी झाल्यावर त्यांस पाहावासा वाटला तर पाहू द्यावा, परंतु एकही भाग न वगळता. आणि तो संपल्यावर दिवा लावून, ‘‘यातून आपण काय शिकलो?’’ असे त्यांनी मुलांस विचारू नये. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही तरी चालेल.